डावऱ्या लेकीसाठी एअर रायफलचा लाकडी दस्ता: कोल्हापूर-सांगलीकडे कोणी कारागीर आहे का?

झेरॉक्सवाला_कोल्हापूर (12 जून, रात्री 10:50)

मंडळी, नमस्कार. रायफलचा दस्ता अंगाला बेतून देणारा कारागीर शोधतोय. आधी काय काय झालंय ते सांगून टाकतो, म्हणजे "आधी असं का नाही केलंत" हा प्रश्न कोणी विचारायला नको.

माझी लेक पंधरा वर्षांची. डावरी. जेवते उजव्या हातानं (आमच्या आईची कृपा), बाकी सगळं डाव्यानं. 2024 ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेतलं, त्याच आठवड्यात हिनं जेवताना जाहीर केलं, मला रायफल मारायचीय. मी म्हटलं, चार दिवसांचं खूळ. ते अजून उतरलेलं नाही.

शिकली क्लबच्या रायफलीवर. त्या सगळ्या उजव्या हाताच्या. मग एका जुन्या नेमबाज गृहस्थांकडून फाइनवेर्कबाऊ 300 एस घेतली, सेकंडहँड. जर्मन, स्प्रिंगची, बाजूचा दांडा ओढून भरायची. आत्ताची पोरं हवेच्या सिलिंडरची, ॲल्युमिनियमच्या दस्त्याची रायफल वापरतात. तिची किंमत ऐकून मी दुकानातलं मोठं झेरॉक्स मशीन आणि बायको, दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. असो. ही जुनी असली तरी नळीनं चोख आहे. नळी साडेचार मिलिमीटरची आणि ताकद वीस ज्यूलच्या बरीच आत, त्यामुळे परवान्याची कटकट नाही.

अडचण दस्त्याची. अक्रोडाचा आहे, देखणा आहे, पण सहा फुटी उजव्या माणसाचा आहे. गाल टेकवायचा उंचवटा डाव्या अंगाला. लेक गाल टेकवते उजव्या अंगाला, तिथं सपाट लाकूड. मूठ उजव्या तळव्यासाठी फुगवलेली. लांबी एवढी की पोरगी मान पुढं काढून कासवासारखी बघते. तासाभरानं मान धरते.

मग मी एक शहाणपणा केला. ओळखीच्या सुताराकडे गेलो. फर्निचरचं काम करतो, हात एकदम सफाईदार. जुना दस्ता समोर ठेवला आणि म्हटलं, आरशात दिसतो तसा उलटा करून दे. त्यानं शिसवीत केला, पंधरा दिवस खपून. यंत्र असं चपखल बसवलं की मध्ये केस जाणार नाही. मी त्याला ठरल्यापेक्षा पाचशे जास्त दिले.

रेंजवर नेली. टेकवून मारल्यावर जुन्या दस्त्यात दहा पेलेटचं मिळून 7 मिलिमीटरचं एक भोक पडायचं. ते 15 वर गेलं, वर-खाली लांबलेलं. कोचनी दस्ता उलटासुलटा केला आणि हसायलाच लागले. या रायफलीत गोळी सुटताना वरचं सगळं यंत्र रुळांवरून मागं सरकतं, धक्का खांद्याला पोचू नये म्हणून. सुतारानं एवढं घट्ट बसवलेलं की ते लाकडाला घासत होतं. केस जाणार नाही हीच भानगड. वर वजन भरलं 5 किलो 600, आणि नियमात कमाल साडेपाच.

चूक सुताराची नाही. त्याला कपाट माहीत, रायफल माहीत नाही. मलाही नव्हती.

तर प्रश्न असा, की पुण्या-मुंबईला असे काम करणारे गनस्मिथ आहेत का? का इकडेच कोणी आहे? लाकूड कोणतं घ्यावं? आणि माप नेमकं कसं घ्यायचं, कारण मी आजवर माप घेतलंय ते फक्त स्पायरल बाइंडिंगचं.

---

शेतीसंरक्षण (13 जून, सकाळी 7:15)

आम्ही तळकोकणातले, एअर रायफलीतलं ज्ञान शून्य. पण दस्ता तडकण्यातलं भरपूर.

आजोबांची एकनळी काडतुसाची बंदूक आहे, डुकरं-वानरांसाठी, परवान्याची. एका निवडणुकीत नियमाप्रमाणे जमा केली. परत हातात आली तोवर पावसाळा निम्मा झालेला. दस्त्यानं ओल धरली आणि पुढच्या उन्हाळ्यात मुठीपाशी, जिथं तो सगळ्यात बारीक असतो, तिथं उभी चीर. तेव्हा कळलं की पूर्वी कोणीतरी फणसाचा दस्ता बसवलेला होता आणि मुठीत लाकडाची रेषा आडवी कापली गेली होती. नांगराचा रुमणा करताना जो नियम तोच इथं: जिथं वळण, तिथं रेषा वळणासोबत धावली पाहिजे. तुमच्या कारागिराला फळी दाखवताना पहिल्यांदा मुठीच्या जागी रेषा कशी जाते ते बघायला सांगा. बाकी सौंदर्य नंतर.

गनस्मिथबद्दल. आहेत, पण जाहिरात करणारे नाहीत. परवानाधारक बंदुकीच्या दुकानात जाऊन विचारावं लागतं. मागच्या खोलीत एखादे सत्तरीचे चाचा बसलेले असतात, पोरं त्या धंद्यात आलेली नाहीत. माझा दस्ता अशाच एका चाचांनी केला. पण त्यांची सगळी हयात बारा बोअरमध्ये गेली. बारा बोअर उचलायची, दोन सेकंदांत मारायची, खाली. तुमची मुलगी तासभर उभी राहणार. त्यांना ते जमेलच असं नाही.

आणि एक, हे तुमच्यासाठी नाही, पुढे हा धागा वाचणाऱ्यांसाठी. परवान्याची बंदूक असेल तर सुताराच्या दुकानात टाकून येऊ नका. 1959 च्या शस्त्र कायद्यात दुरुस्तीलासुद्धा परवाना लागतो, आणि बिनपरवाना माणसाकडे बंदूक सोपवणं हा वेगळा गुन्हा. आमच्या वाडीत एकानं केलं होतं. कोर्टाच्या फेऱ्यांत आंब्याचा एक अख्खा हंगाम गेला.

---

दहा_पूर्णांक_नऊ (13 जून, दुपारी 2:05)

दादा, मी बारा वर्षं 10 मीटर खेळले, राज्यापर्यंत. आता मुलींना शिकवते. तुमचा शेवटचा प्रश्न खरा पहिला आहे. कारागीर नंतर.

आरशासारखा उलटा दस्ता करून उपयोग नव्हताच. तो सहा फुटी डावऱ्या माणसाचा झाला असता, तुमच्या लेकीचा नाही.

माप घ्यायला बसाल तेव्हा तिला पूर्ण कपड्यांत उभी करा. कॅनव्हासचं जॅकेट, पँट, बूट, सगळं. हे शंभरातले नव्वद पालक विसरतात. जॅकेटची जाडी खांद्यावर येते, टीशर्टवर माप घेतलं की दस्ता लांब होतो. मग तिला रायफल खांद्याला लावून, डोळे मिटून, तिच्या सोयीनं उभं राहू द्या. चार श्वास घेऊ द्या. डोळे उघडल्यावर मागच्या छिद्रातून पुढची रिंग मधोमध दिसली पाहिजे. दिसत नसेल आणि तिनं मान हलवून आणली, तर जेवढी मान हलली तेवढी दस्त्यात चूक. बाजूनं, समोरून आणि स्टुलावर चढून वरून, असे तीन फोटो काढा. डोकं सरळ हवं. मान वाकडी राहिली की तोल जातो, आणि उभ्या पोझिशनमध्ये तोलच सगळं.

मूठ: चापावर बोटाचं पहिलं पेर पडलं पाहिजे, आणि बोट सरळ मागं ओढलं गेलं पाहिजे. मूठ लांब असेल तर बोट तिरकं ओढतं आणि तुमची पेलेट बाजूला जाते. पोरींचे हात लहान असतात, उजव्या पुरुषाच्या मुठीत त्यांचं बोट जेमतेम पोचतं.

पुढचा भाग: डावखुऱ्या मुलीचा उजवा कोपर कमरेच्या हाडावर टेकतो, त्या हातावर रायफल उभी राहते. कंबर ते हात हे अंतर मोजा, त्यावरून पुढच्या लाकडाची खोली ठरते. काही मुलींचा कोपर सहज टेकतो, काहींना ठोकळा लावावा लागतो. हे कागदावर ठरत नाही.

दस्त्याचा मागचा भाग किंचित बाजूला वळलेला असतो, तोही उजव्यांसाठी उजवीकडे. तिच्यासाठी डावीकडे हवा. दोन-चार मिलिमीटरचाच खेळ, पण डोळा छिद्राच्या रेषेत त्यानंच येतो. आणि हे सगळं करण्याआधी डाव्या डोळ्याची खात्री करून घ्या. हात डावा आणि जोरकस डोळा उजवा अशी मुलं मी पाहिलीत. दोन्ही हात लांब करून तळव्यांच्या फटीतून लांबचा दिवा बघायला सांगा, मग एकेक डोळा मिटवा. ज्या डोळ्याला दिवा दिसत राहतो तो जोरकस.

सगळ्यात महत्त्वाचं: ती पंधरा वर्षांची आहे. आज अंगाला घट्ट बेतलेला दस्ता पुढच्या दिवाळीत आखूड. गालाची उशी दोन खुंट्यांवर वर-खाली होणारी करा, बटप्लेट (दस्त्याचा खांद्याला टेकणारा मागचा तुकडा) लांब खाचेत सरकणारी. आणि लाकडाला हात लावण्याआधी जुन्याच दस्त्यावर पुठ्ठ्याचे थर आणि चिकटपट्टी लावून उशी बांधा, मुठीवर एम-सील थापा. महिनाभर त्यावर मारू द्या. एम-सीलला तिच्या हाताचा ठसा पडला की तोच तुमचा साचा. पण एम-सीलच्या आधी मुठीला प्लास्टिक गुंडाळा, नाहीतर अक्रोडाचं वाटोळं.

---

झेरॉक्सवाला_कोल्हापूर (13 जून, रात्री 11:20)

ताई, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून कपाटाला लावलाय. (तेवढं तरी आपल्या हातात आहे.) जॅकेट विसरलोच होतो. सुताराकडे माप दिलं तेव्हा पोरगी शाळेच्या गणवेशात होती.

डोळा डावाच. आत्ताच तपासला, शेजारच्या गॅलरीतला दिवा बघून. शेजाऱ्यांनी विचारलं काय चाललंय.

---

तरफ_आणि_तार (14 जून, सकाळी 9:40)

मिरजेतून. आमचं घराणं तंबोऱ्याचं. माझ्याकडे दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ असाच दस्ता घेऊन आले होते म्हणून लिहितोय. इथल्या सतार-तंबोऱ्याला 2024 ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, पण बंदूकवाले त्याच्या आधीपासून येतात.

मी नाही म्हटलं त्यांना, आणि तुम्हालाही तेच सांगेन. आम्ही वापरतो ते तुनाचं लाकूड. हलकं, लालसर, पटाशीखाली लोण्यासारखं. नादाला उत्तम. पण मऊ. त्यात स्क्रू चार वेळा काढून घातला की आटे मरतात, आणि तुमचं यंत्र तर स्क्रूवरच उभं. अक्रोड का वापरतात तर तो ना फार जड, ना फार मऊ, आणि चांगला वाळला की हलत नाही. काश्मिरी अक्रोडाची फळी मिळाली तर सोनं. न मिळाली तर जुनं सागवान बघा, वाडा पाडलेल्या ठिकाणचं. नवीन नको. साठ-सत्तर वर्षं तुळई म्हणून राहिलेलं लाकूड जेवढं हलायचं तेवढं हलून झालेलं असतं. सागवानात दोन त्रास: हत्याराची धार खातं, आणि अंगचं तेल असल्यामुळे वरून पॉलिश लवकर धरत नाही.

खाच पाडायची आमची रीत सांगतो, बंदुकीलाही चालेल. धातूच्या भागाला काजळ लावायचं, दिव्याचं, पातळ. हलक्या हातानं खाचेत बसवायचं, उचलायचं. लाकडावर जिथं काळं उमटलं तिथंच टेकतंय, तेवढंच खरवडायचं. परत काजळ. असं पन्नास वेळा. ज्याला पन्नास वेळा करायचा कंटाळा आहे त्याला काम देऊ नका.

वर बेलतेल (जवसाचं उकळलेलं तेल) चोळा, पातळ हात, प्रत्येक हातामध्ये एक दिवस. तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेते. पसरून वाळवा. आमच्या गल्लीत एकाचं दुकान वाचलं ते शेजारच्याला वास आला म्हणून.

---

भट्टीवर_बसलेला (14 जून, दुपारी 1:30)

अहो झेरॉक्सवाले, तुम्ही कोल्हापुरात राहता आणि पुण्याचा गनस्मिथ शोधता? उद्यमनगरात, शिरोलीत पॅटर्नवाले आहेत की! ओतकामाचे लाकडी पॅटर्न करणारे. पंपाची केसिंग, व्हॉल्व्हची बॉडी लाकडात कोरतात. वाकडेतिकडे आकार हाच त्यांचा धंदा, आणि अर्धा मिलिमीटर चुकला तर फौंड्रीवाला माल परत पाठवतो. आता बरंच काम सीएनसीवर गेलं, जुने हातकामवाले रिकामे बसलेत. मी वीस वर्षं फौंड्रीत आहे. असा एखादा गाठा, ताईंनी सांगितलेला एम-सीलचा साचा पुढ्यात ठेवा, बघा काय करतो ते.

---

शेतीसंरक्षण (14 जून, दुपारी 3:00)

हे डोक्यात आलंच नव्हतं. +1.

---

गप्प_बसा_संस्कृती (14 जून, संध्याकाळी 6:10)

एवढ्या खटाटोपात पोरीला उजव्या हातानं मारायला शिकवलं असतं तर? जेवायला नाही का शिकवलं आजीनं.

---

दहा_पूर्णांक_नऊ (14 जून, संध्याकाळी 6:25)

डोळा कसा बदलणार? तोही आजीनं?

---

झेरॉक्सवाला_कोल्हापूर (9 नोव्हेंबर, रात्री 10:15)

मंडळी, धागा वर काढतोय. दस्ता झाला. उशीर झाला त्याची कहाणी ऐका.

जून-जुलै पोरगी पुठ्ठा आणि एम-सीलवरच मारत होती. रायफल दिसायची अपघातातनं वाचल्यासारखी. क्लबातल्या पोरांनी नाव ठेवलं, प्लॅस्टर. पण मान धरायची बंद झाली. ऑगस्टमध्ये ताईंनी सांगितलेले तीन फोटो काढले, माझ्याच दुकानात मोठे करून प्रिंट मारले आणि घेऊन गेलो एका पॅटर्नवाल्या मामांकडे. वय पासष्टच्या पुढं. रायफल आयुष्यात हातात धरलेली नाही. एम-सीलची मूठ हातात घेऊन बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हा हात लहान मुलीचा, आणि ती अंगठा दाबून धरत नाही, नुसता ठेवते." लेक माझ्याकडे बघायला लागली. कोच तिला तेच सांगत असतात, अंगठा नुसता ठेव.

लाकूड सागवानच. शाहूपुरीत एक वाडा उतरवत होते, तिथली तुळई. मामांनी मुठीच्या वळणाला रेषा कशी जाते ते खडूनं आखून दाखवलं (कोकणातल्या दादांचा मुद्दा, मी काही बोलायच्या आधीच). आत एक जुना चौकोनी खिळा निघाला. पटाशीला दाता पडला, मामांच्या तोंडून जे निघालं ते इथं लिहिता येत नाही.

पण थेट सागवानात हात घातला नाही. आधी पाईनचा कच्चा दस्ता करू म्हणाले, आणि वाचलो. कारण पाईनच्या दस्त्यात यंत्राची बैठक सगळीकडून सैल. थोडी नाही, चांगली दोन-सव्वादोन मिलिमीटर लांब. मी म्हटलं, मागं सरकायला जागा ठेवा असं मी सांगितलेलं, पण बैठक पक्की हवी की. मामा पट्टी लावून मोजतात, माप बरोबर. मी माझ्या दुकानातली पट्टी लावतो, माप चूक. दोघं अर्धा तास भांडलो. शेवटी दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या आणि मामांनी कपाळावर हात मारला.

त्यांची पट्टी श्रिंकेजची! बीड थंड होताना आकसतं, शेकडा एक, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा असतो, आणि त्यासाठी त्यांची पट्टीच मुळात ताणलेली असते. चाळीस वर्षं तीच पट्टी हातात. 230 मिलिमीटरची बैठक त्यामुळे 232 च्या वर गेली. भट्टीवाले दादा, हे तुम्ही सांगायला हवं होतं की नको?

मग माझ्या दुकानातली बारा रुपयांची प्लॅस्टिकची पट्टी त्यांनी खिशात घातली आणि सगळा सागवानी दस्ता त्या पट्टीवर केला. अजून परत दिलेली नाही. काजळाची रीत त्यांना सांगितली तर म्हणाले, आम्ही निळी लावतो, गोष्ट तीच. रूळ बसतात ती जागा घट्ट, यंत्राच्या दोन्ही बाजूंना आणि मागं फट. फटीतनं माझं व्हिजिटिंग कार्ड फिरवून तपासलं.

वजन सगळं मिळून 4 किलो 700. टेकवून दहा मारल्या, भोक पुन्हा 7 मिलिमीटरचं. त्या दिवशी मी रेंजवरून दुकानात गेलो नाही, थेट मामांकडे गेलो तो कागद दाखवायला. त्यांनी भोकावर कॅलिपर लावून खात्री केली. माझ्या शब्दावर विश्वास नाही.

बेलतेलाचे सात हात दिलेत. सागवान खरंच धरत नाही, तिसऱ्या हातापर्यंत चिकट राहिलं. चिंध्या दोरीवर वाळत घातल्या होत्या, बायकोनं धुणं समजून घड्या केल्या.

मजुरीचं विचारणाऱ्यांसाठी: मामांनी आकडा सांगितलाच नाही. तीन वेळा विचारलं. शेवटी मी एक आकडा पाकिटात घालून दिला, त्यातले निम्मे त्यांनी लेकीला पेलेटसाठी परत दिले. त्यामुळे भाव काय म्हणाल तर मला खरंच सांगता येत नाही.

आता ताई, तुमच्यासाठी प्रश्न. जूनपासून उंची दीड इंच वाढलीय. बटप्लेट सरकवत सरकवत खाचेच्या टोकाला आली. मागं घालायच्या पट्ट्या मामा सागवानाच्याच करून देतो म्हणतात, 5 मिलिमीटरच्या तीन. लाकडाच्या चालतील, का रबराच्या घेऊ?

---

दहा_पूर्णांक_नऊ (10 नोव्हेंबर, सकाळी 8:00)

लाकडाच्याच. रबर दाबलं जातं, लांबी रोज वेगळी लागते. तीन नको, दोन करा, एक 5 ची आणि एक 10 ची. 5, 10, 15 सगळं जमतं. आणि मामांना पट्टी कोणती वापरतायत ते आधी विचारा.